कलपाची पस्तीस मिनिटं

मित्रांनो, मला बोलायला पस्तीस मिनिटं मिळाली आहेत. केसांना कलप लावून झाला, की रंग धरेपर्यंत तेवढा वेळ थांबावं लागतं. तोवर मला काही काम नसतं. कान तुटलेल्या एका चहाच्या कपात मी अंगभर काळा चिकटा घेऊन पडून राहतो. एरवी या वेळात मी मस्त डुलकी काढतो. आज मात्र माझा डोळा लागणार नाही. म्हणून म्हटलं, तुम्हाला माझी कहाणी सांगून टाकावी.

मी कलपाचा ब्रश आहे. माझ्या एका बाजूला केस आहेत, दुसऱ्या बाजूला कंगव्याचे दात, आणि मागे निमुळती शेपटी. शेपटीने बट वेगळी करायची, दातांनी ती विंचरायची आणि केसांनी तिला रंग लावायचा. माझे दोन दात पडलेले आहेत. वय म्हणाल तर नऊ वर्षं. तुम्हाला ते काहीच वाटणार नाही, पण आमच्यात कुणी नऊ आठवडेसुद्धा काढत नाही. आम्ही डब्याबरोबर फुकट येतो. दोन-तीनदा वापरायचं आणि फेकून द्यायचं, एवढंच आमचं नशीब असतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका साच्यातून एका दमात आम्ही चोवीस भाऊ बाहेर पडलो. मग एका यंत्राने टक टक करत आमच्या डोक्यात केस बसवले. दुखलं, पण रडायला सवड कुणाला होती! लगेच आमची डब्यांत रवानगी झाली. माझ्या डब्यात कलपाच्या दोन ट्यूब होत्या, हातमोज्यांची जोडी होती, एक वाटी होती आणि चार घड्या घातलेला एक कागद होता. डब्यावर एका हसऱ्या बाईचं चित्र होतं. तिच्या डोक्यावर औषधालाही पांढरा केस नव्हता. मग ती कलपाच्या डब्यावर काय करत होती, हे मला आजवर कळलेलं नाही.

त्या कागदाबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, की कलप आधी थोडासा कानामागे लावा, दोन दिवस थांबा, आणि खाज आली तर अजिबात वापरू नका. तो कागद कुणी वाचला नाही. या घरात त्याची घडी मोडली ती फक्त फरशीवर डाग पडू नयेत म्हणून.

या घरात दोघीच राहतात, आई आणि लेक. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला न्हाणीघर. न्हाणीघराच्या खिडकीत मी राहतो. तिथून मला आरसा दिसतो, नळ दिसतो, आणि लेक बसते ते निळं प्लास्टिकचं स्टूल दिसतं. लेक आता बावन्न वर्षांची आहे आणि आई पंचाहत्तरीची. तरीही आई तिला 'बाळा' म्हणूनच हाक मारते.

मी आलो तेव्हा लेक त्रेचाळीस वर्षांची होती. कपाळाजवळ चार पांढरे केस काय दिसले, तिने घर डोक्यावर घेतलं होतं.

"अगं, चार केसांसाठी एवढा मोठा डबा?" आई म्हणाली.

"आज चार आहेत, उद्या चारशे होतील."

"माझे बघ. कापूस झालाय नुसता. मला कुणी काही म्हणतं का?"

"तू काउंटरवर उभी राहत नाहीस, आई."

आईने चष्मा लावला, लेकीच्या कपाळाला आणि कानांना व्हॅसलीन फासलं आणि मला उचललं. तिचा हात तेव्हा अगदी ठाम होता. भांगापासून सुरुवात करून ती बटा एकेक करून उलगडत गेली, आणि एक थेंब मानेवर पडू दिला नाही. केस धुऊन झाल्यावर लेक आरशात बघून लहान मुलीसारखी खुदकन हसली. आईने मलाही नळाखाली धरलं, पाणी स्वच्छ येईपर्यंत चोळलं आणि म्हणाली, "चांगला दणकट आहे की. कशाला टाकायचा?" तिला वस्तूंशी बोलायची सवय आहे. त्या एका वाक्यावर मी नऊ वर्षं जगलो.

लेक एका मोठ्या हॉटेलात स्वागताच्या काउंटरवर काम करायची. मी ते हॉटेल कधी पाहिलं नाही. जे काही मला ठाऊक आहे, ते स्टुलावर बसून तिने आईला सांगितलेलं. रंग धरेपर्यंतची पस्तीस मिनिटं तिची बडबड चालायची. अमुक पाहुणे आठ वर्षांनी आले आणि मी त्यांना नावाने हाक मारली, तर त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. तमुक बाई दरवर्षी नवऱ्याबरोबर यायच्या, या वेळी एकट्या आल्या, तर मी काही न विचारता त्यांना बागेकडची छोटी खोली दिली. आई हे सगळं 'हो का?', 'मग?' करत ऐकायची. चोवीस वर्षं लेक त्या काउंटरमागे उभी होती. लग्नाचं जमलं नाही, भावंडं नव्हती, वडील लवकर गेले. सगळं घर तिच्या एकटीवर होतं. पण काउंटरवर ती केवळ घरासाठी उभी राहत नव्हती. ती तिची जागा होती. तिथे उभं राहिलं की आपण कुणीतरी आहोत असं वाटतं, असं ती एकदा स्वतःच म्हणाली होती.

ती माझी चांगली वर्षं होती, मित्रांनो. महिन्यातून एकदा माझं काम पडायचं. लेकीची मैत्रीण, जी तिच्या शेजारीच काउंटरवर उभी असायची, ती विचारायची म्हणे, "कुठल्या पार्लरात जाता हो ताई?" लेक ऐटीत सांगायची, "आईच्या." हे ऐकून मला वाटायचं, अर्धं कौतुक माझंही आहे.

मग हॉटेलात नवे साहेब आले.

त्या हॉटेलात एक वळणदार जिना आहे. जेवणाचा हॉल वरच्या मजल्यावर, आणि काउंटर जिन्याच्या बरोबर खाली. नवे साहेब पहिल्याच दिवशी जिन्याच्या सातव्या पायरीवर उभे राहिले, खाली पाहिलं आणि म्हणाले, "पाहुणा वरून उतरतो, तेव्हा त्याला तुमचा चेहरा दिसत नाही. आधी तुमचा भांग दिसतो." त्या दिवसापासून दर सोमवारी सकाळी तपासणी सुरू झाली. काउंटरवरच्या सगळ्यांनी ओळीने उभं राहायचं, मान खाली घालायची, आणि साहेब सातव्या पायरीवरून एकेकाचं डोकं बघणार. लोकांनी त्यांचं नाव जिनेसाहेब ठेवलं. घरी येऊन लेकीने त्यांची नक्कल केली, तेव्हा आई पोट धरून हसली होती.

जिनेसाहेबांनी एक पुस्तिकाही वाटली. नखं किती वाढवायची, ओठांना कोणत्या दोन छटांपैकी एक लावायची, कानातलं वाटाण्यापेक्षा मोठं नको, सगळं त्यात होतं. पुरुषांचे पांढरे केस भारदस्त दिसतात, असं एका पानावर लिहिलं होतं. दारावर सामान उचलायला उभे असलेल्या काकांचं डोकं आणि मिशा दोन्ही पांढरेशुभ्र, तर त्यांचा फोटो हॉटेलच्या जाहिरातीवर झळकला. बायकांसाठी पुढचं पान होतं. बायकांनी टवटवीत दिसावं, असं त्यावर लिहिलं होतं.

"म्हणजे पुरुष पिकला की भारदस्त, आणि बाई पिकली की शिळी?" आईने विचारलं.

"असंच दिसतंय."

"आणि तू गप्प बसलीस?"

"मान खाली घालून उभं राहिल्यावर बोलणार कशी, आई?"

केस काही सोमवार बघून वाढत नाहीत. ते रोज वाढतात, आणि भांगात बारीक पांढरी रेघ उमटवत वाढतात. त्यामुळे महिन्यातून एकदा लागणारा कलप आता दर रविवारी लागायला लागला. मला मान मोडेस्तोवर काम पडलं. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा त्याचा अभिमानच वाटला होता.

सहा महिने जेमतेम गेले असतील. एका सोमवारी लेक पहाटे न्हाणीघरात आली, आरशात बघितलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. कानांमागे लाल चट्टे उठले होते. पुढच्या आठवड्यात पापण्या सुजल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात एक डोळा उघडेचना. ती त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन आली आणि आईने विचारायच्या आतच म्हणाली, "साबण बदला म्हणाले."

 दुसऱ्या दिवशी लेकीचा कामावरचा कोट धुवायला घेताना तिने खिसे तपासले आणि डॉक्टरांची चिठ्ठी तिच्या हाती लागली. माझ्यासमोर, खिडकीच्या उजेडात धरून, तिने ती अडखळत मोठ्याने वाचली. कलपाची ॲलर्जी आहे. कलप कायमचा बंद. पुन्हा लावल्यास गळ्याला सूज येऊन श्वासाला धोका होऊ शकतो.

तिने ती दोनदा वाचली. मग नीट घडी घालून परत खिशात ठेवली, आणि तो कोट धुतलाच नाही.

तुम्ही म्हणाल, आईने लेकीला सरळ का नाही सांगितलं? मीही कपात पडून हाच विचार खूप केला. आईला माहीत होतं, की लेक ऐकायची नाही. डॉक्टरांकडे जाण्याआधीच दुकानातले सौम्य म्हणवणारे डबेही दोघींनी आणून पाहिले होते, त्यांनीही चट्टे उठत होते. भांगात काळी पेन्सिल फिरवून पाहिली, तर दुपारपर्यंत घामाने ती कपाळावर उतरली. काउंटर सोडणं लेकीला जमणार नव्हतं, आणि लेकीच्या डोळ्यांवरची ती सूज बघणं आईला जमत नव्हतं. म्हणून तिने आपल्यापरीने एक मधला मार्ग काढला. तसा मार्ग एखाद्या आईलाच सुचू शकतो.

पुढच्या रविवारी तिने कपात कलप पिळला, तो नेहमीपेक्षा निम्माच. उरलेला कप तिने केसांना लावायच्या साध्या पांढऱ्या क्रीमने भरला. मला त्यात बुडवून घोटता घोटता ती हळूच म्हणाली, "तू काही बोलू नकोस हं." जणू मला बोलता येत होतं! पण अंगाला लागताक्षणी मला कळलं, की आज रंगात दम नाही. लेकीला मागचं दिसत नव्हतं. आई मला नेहमीसारखीच भांगातून फिरवत होती आणि नेहमीसारखंच विचारत होती, "मग? ते पाहुणे परत आले का?"

सूज थोडी उतरली. आईच्या जिवात जीव आला. पुढच्या वेळी तिने कलप अजून कमी केला. चार-पाच रविवार असेच गेले.

आणि मग तो सोमवार आला. संध्याकाळी लेक घरी आली, चपला काढल्या, "आलेच गं" म्हणत थेट न्हाणीघरात शिरली, कडी लावली आणि नळ पूर्ण सोडला. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून ती तसं करते. मग तिने मैत्रिणीला फोन लावला.

"हो, पोचले... नाही, आईला नाही सांगणार... अगं, चोवीस वर्षं, आणि त्यांनी सातव्या पायरीवरून नुसतं बोट दाखवलं गं. म्हणाले, ताई, तुमचा आवाज फार गोड आहे, तुम्ही तळघरात टेलिफोनवर बसा. तिथे तुम्हाला कुणाची दगदग नाही." ती थोडा वेळ ऐकत राहिली. "माझ्या लक्षात आलं होतं. एक ट्यूब एकदाच पुरायची, ती आता तीन-तीन रविवार पुरत होती. आई पातळ करत होती. माझ्यासाठीच करत होती गं. आता तिला कसं सांगू, की तिच्या त्या..."

 नळ वाहत राहिला. मी खिडकीत उभा होतो, आणि माझ्या केसांत अजून तो पातळ रंग वाळलेला होता. मित्रांनो, वस्तूंना लाज वाटत नाही असं कोण म्हणतं?

त्या दिवसापासून लेकीने घरात नाटक सुरू केलं. रोज सकाळी ओठांना ती ठरलेली छटा लावायची, गळ्यात काउंटरचा स्कार्फ बांधायचा आणि निघायचं. तो स्कार्फ ती हॉटेलच्या मागच्या दाराशी सोडून पर्समध्ये ठेवत असे, हेही मला नळाच्या आवाजातच कळलं. तळघरात खिडकी नाही. भिंतीला तोंड करून कानाला फोन लावून बसायचं. तिथे कुणी डोकं बघत नाही, तोंडही बघत नाही. तिला कलपाची गरजच उरली नव्हती. पण कलप थांबवला असता, तर आईने कारण विचारलं असतं, आणि कारण सांगितलं असतं, तर आईला कळलं असतं की हे आपल्याच हातून झालं. म्हणून ती दर रविवारी मुकाट्याने स्टुलावर बसत राहिली. पाहुण्यांच्या जुन्याच गोष्टी नव्याने सांगत राहिली. आणि आई, तिची सूज वाढू नये म्हणून, कलप पातळ करत राहिली. दोघींच्या मधे मी मेला इकडून तिकडे फिरत होतो.

मग एके दिवशी लेक मोबाईल घरी विसरली. आईला वाटलं, तिला कळवावं, नाहीतर दिवसभर शोधत बसेल. बोळातल्या फोनवरून तिने हॉटेलचा नंबर फिरवला. न्हाणीघराचं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"हॅलो," आई म्हणाली आणि एकदम थांबली. पलीकडचा आवाज मला ऐकू आला नाही. पण आई कुणाचा आवाज ऐकत होती, हे तिच्या थांबण्यावरूनच कळलं. हॉटेलचे फोन तळघरात घेतात, हे लेकीने तिला पूर्वी कधीतरी सांगितलेलं होतं. तिने एका दमात, घोगरा आवाज काढून, "राँग नंबर" म्हटलं आणि फोन ठेवला.

ती न्हाणीघरात आली, निळ्या स्टुलावर बसली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तळघरात बसवलंय रे पोरीला," ती म्हणाली. "आणि बसवलं कुणी, तर मी."

संध्याकाळी लेक आली. "मोबाईल विसरलीस बघ," आई म्हणाली. "हो ना, दिवसभर चुकल्या-चुकल्यासारखं झालं. काउंटरवर नुसती गर्दी होती आज," लेक म्हणाली. आईने चहा टाकला.

पुढच्या रविवारी आईने कपात कलप पिळलाच नाही. फक्त पांढरं क्रीम घेतलं. मला त्यात बुडवलं आणि लेकीच्या भांगातून हळुवार फिरवलं. ना जळजळ, ना वास. पस्तीस मिनिटंही पूर्ण थांबली ती. धुतल्यावर पाणी सुरुवातीपासूनच स्वच्छ आलं. लेकीने ते पाहिलं. 

"छान बसलाय गं रंग," ती म्हणाली.

"काळेभोर झालेत," आई म्हणाली.

त्यानंतरचे चार महिने मी कधी विसरणार नाही. लेकीचे केस आधी भांगाशी, मग कानांवर, मग सगळीकडे मुळांपासून तीन बोटं पांढरे होत गेले. चट्टे गेले, पापण्या हलक्या झाल्या. दर रविवारी मी नुसतं क्रीम फासायचो आणि दोघी काळ्याभोर केसांचं कौतुक करायच्या. त्या केसांत मला पहिल्यांदा आईचे केस दिसले. तोच कापूस, तेच कपाळावरचं वळण. कुणी खरं बोलत नव्हतं, तरी घरात थोडी शांतता होती. मला वाटलं, आता असंच चालेल. मी म्हातारा होईन, माझे उरलेले दात पडतील, आणि या क्रीमच्या कपातच माझा शेवट गोड होईल.

गेल्या सोमवारी हॉटेलात नवं पत्रक निघालं. इमारतीत काम करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो स्वयंपाकघरात असो, धुलाईत असो की तळघरात, पुस्तिकेचे नियम लागू. केव्हाही कुणालाही वर बोलावलं जाऊ शकतं, म्हणून सगळ्यांनी काउंटरवर उभं राहण्याजोगं दिसलं पाहिजे. येत्या सोमवारी सगळ्यांचे नवे फोटो काढणार, आणि ज्याचा फोटो साहेब मंजूर करणार नाहीत, त्याला आत यायचं ओळखपत्र मिळणार नाही.

लेक डॉक्टरांची ती जुनी चिठ्ठी घेऊन जिनेसाहेबांकडे गेली होती. हेही मी नळाच्या आवाजात ऐकलं. साहेबांनी चिठ्ठी नीट वाचली, तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग फार आपुलकीने म्हणाले, "तब्येत सगळ्यात महत्त्वाची, ताई. मग तुम्ही आता घरीच विश्रांती घ्या ना." दुसरीकडे नोकरीसाठी ती कुठे कुठे विचारून आली, त्याचं तिने मैत्रिणीला एकाच वाक्यात सांगितलं. "माझ्याशी बोलताना सगळे माझ्या डोक्याकडे बघत होते गं."

आज रविवार आहे. सकाळी लेक नवा डबा घेऊन न्हाणीघरात आली. डब्यावर तीच हसरी बाई. लेकीने तो आईच्या हातात दिला आणि स्टुलावर बसली.

"आई, आज नीट लाव."

आई डब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तळघरात कोण बघतंय गं तुझा भांग?"

 लेकीने मान वर केली नाही.

"कधीपासून माहीत आहे तुला?" तिने विचारलं.

"तू मोबाईल विसरलीस ना, तेव्हापासून."

"मलाही माहीत होतं. पातळ करतेस ते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

आईने डबा खिडकीत, माझ्या शेजारी ठेवला. "मी नाही लावणार. चिठ्ठी वाचलीय मी. गळा सुजतो म्हणे."

"तसं होईलच असं नाही."

"आणि झालं तर?"

"उद्या फोटो आहे. तो मंजूर न करता त्यांनी आत घेतलं नाही, तर काय होईल ते सांग. बावन्न वर्षांच्या बाईला कोण उभं करतं दारात? सांग ना."  मग लेक उठली, डबा फोडला, दोन्ही ट्यूब कपात पूर्ण रिकाम्या केल्या आणि मला उचलून स्वतःच्या हाताने भांगात लावायला लागली. चार महिन्यांत मी खरा कलप चाखला नव्हता. अंगाला तो लागला आणि मला शिसारी आली. पुढचं तिने कसंबसं लावलं. मागे हात पोचेना. थेंब मानेवर पडले, कॉलरवर पडले, फरशीवर पडले. आई भिंतीला टेकून बघत होती. बघवेना, तेव्हा पुढे आली.

"दे इकडे," ती म्हणाली. "मागचं तुला दिसत नाही."

आणि तिने मला हातात घेतलं. हात आता थरथरतो तिचा. पण तिने एक बटही सोडली नाही. मुळापासून टोकापर्यंत, नऊ वर्षांपूर्वीसारखीच, नीट.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू शेवटी सांगते, की आम्हाला जपा, आम्हाला टाकू नका. मी तसं सांगणार नाही. मी हात जोडून सांगतो, मला टाकून द्या. त्या आईने मला पहिल्याच दिवशी केरात टाकलं असतं, तर बरं झालं असतं. दणकट असल्याचा मला फार गर्व होता. आता वाटतं, माझे उरलेले दातही आजच मोडावेत, केस गळून जावेत, शेपटीचे दोन तुकडे व्हावेत. तुमच्या घरी कुणी असं मान खाली घालून बसत असेल, तर तिच्या हातातला डबा काढून घ्या, आणि तिला ज्या जिन्याखाली उभं राहावं लागतं, त्या जिन्यावर जाऊन कुणीतरी काहीतरी बोला. मला बोलता येत नाही, आणि बोललो तरी माझं ऐकणार कोण?

सव्वीस मिनिटं झाली. आई लेकीच्या समोर, बादली पालथी घालून तिच्यावर बसली आहे. भिंतीवर घड्याळ आहे, पण ती तिकडे बघत नाही. ती लेकीच्या गळ्याकडे बघते आहे.

लेक एकदा खाकरली.

"काय झालं?"

"काही नाही. तू बोल ना काहीतरी."

"काय बोलू? ते बागेकडच्या खोलीतल्या बाई परत आल्या होत्या का गं?"

"मला काय माहीत, आई. मी तळघरात असते."

लेक हसली. आईही हसली. मग लेक पुन्हा खाकरली, आणि या वेळी तिने गळ्याला हात लावला. आई चटकन उठली आणि तिने नळ सोडला.

"अजून नऊ मिनिटं आहेत, आई."

"असू देत."

"आत्ता धुतलं तर रंग नीट बसायचा नाही. उद्या फोटो आहे."

पाणी वाहत होतं. आई नळावर हात ठेवून उभी राहिली. एकदा तिने लेकीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

मग तिने नळ बंद केला आणि परत समोर येऊन बसली.